मोरपंखी फडकी

माझ्या दोन भावांचं बोलणं बंद होतं, भांडण मात्र चालू होतं. ते चालायचं माझ्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये, माझ्या नळाच्या पाण्यावर आणि माझ्या विजेवर. आणि तरी यात माझा काही संबंध नाही, असं दोघांचंही म्हणणं. एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

भांडण बाबांच्या गाडीवरून होतं. बाबांनी जन्मभर साहेब लोकांच्या गाड्या चालवल्या. मागच्या सीटवरून येणारे हुकूम ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. निवृत्त झाल्यावर एका गॅरेजच्या मागे गंजत पडलेली स्पोर्ट्स कार त्यांनी उचलून आणली. का, तर तिला मागची सीटच नव्हती. ठोकून ठोकून पत्रा सरळ केला, स्वतःच्या हाताने मोरपंखी रंगाचा फवारा मारला, आणि मग ती गाडी चालवली. रोज चालवली. भाजीला नेली, दाढी करायला नेली, कुठेच जायचं नसलं तरी नेली. मनात आलं की बादलीभर पाणी ओतायचे, फडकं फिरवायचे, झालं. मला चालवायला शिकवलं तेही याच गाडीवर. माझा क्लच चुकला की ते ओरडायचे, मग मीही उलट ओरडायचे.

बाबा गेले ते गाडी कुणाची हे न सांगता. भावांनी परस्पर वाटणी करून टाकली, एक महिना दादाचा, एक महिना सोन्याचा. सोन्या म्हणजे धाकटा. चांगलं टक्कल पडलेला, टाइल्सच्या दुकानात विक्री सांभाळणारा माणूस आहे, पण घरात अजून सोन्याच. गाडी ठेवायला दोघांकडेही जागा नव्हती, म्हणून ती माझ्या शेडमध्ये राहिली. माझा नंबर कधी, असं मी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "मास्तरीण, तू दिवसभर गाडीतच असतेस की. आणखी किती बसशील?"

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. दिवसभर बाजूच्या सीटवर बसते. माझ्या पायाखाली जास्तीचा क्लच आणि ब्रेक, शेजारी घाम फुटलेला कुणीतरी, आणि स्टिअरिंग त्याच्या हातात. लोकांना वाटतं मी गाडी चालवते. मी गाडी थांबवते. दुसऱ्यांच्या चुका पायाने थांबवत थांबवत संध्याकाळी घरी आलं की शेडमध्ये बाबांची गाडी कापडाखाली झाकून ठेवलेली दिसायची, आणि स्कूलची गाडी मला बाहेर रस्त्यावर लावावी लागायची. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मला गाडी नावावर करून नको होती. मला एक महिना हवा होता. एक महिना त्या स्टिअरिंगमागे बसायचं होतं, दुसरं काही नाही.

आणि गंमत अशी की या दोघांना ती चालवायची नव्हतीच. चालवली की धूळ बसते, खडी उडते. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. काचेवर बोटाचा ठसा दिसला तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. सोन्या दिवसभर गिऱ्हाइकांना टाइल्सची चकाकी दाखवतो. चकाकीतलं काय ते आपल्यालाच कळतं, असं दोघांनाही वाटतं.

बोलणं बंद झालं तेही चकाकीवरूनच. सुरुवातीला दादाने गाडी भांडी घासायच्या लिक्विडने धुतली. त्याने रंगावरचं मेण उतरतं, हे सोन्याने त्याला वहिनी आणि मुलांसमोर आवाज चढवून सांगितलं. वर 'अक्कल' हा शब्द वापरला. पुढच्या खेपेला सोन्याच्या हातातलं फडकं जमिनीवर पडलं. त्याने ते झटकलं आणि तसंच दारावर फिरवलं. फडक्यात अडकलेल्या वाळूने दारभर ओरखडे उठले. दादाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनंतर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

म्हणून मग मी मधे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जायची. म्हणजे गाडी जागची हलायची नाही, फक्त किल्ली या हातातून त्या हातात. देणारा हाताची घडी घालून उभा, घेणारा टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरणार. नियम दादाचा होता. किल्ली हातात घेतली की गाडी आहे तशी मान्य, मागाहून तक्रार चालणार नाही. सोन्याने तो लगेच कबूल केला, कारण यात दुसराच अडकणार अशी दोघांनाही खात्री होती.

"ताई, त्याला विचार, मागच्या चाकाच्या वर हे गोल गोल काय दिसतंय."

दादा तिथेच, हात लांब केला तर लागेल इतक्यावर उभा. "त्याला सांग, ते त्याच्याच डोळ्यांत आहे. दुकानात ये म्हणावं, नंबर तपासून देतो."

"त्याला सांग, मेण लावताना हात सरळ फिरवायचा असतो. पातेलं घासत नाहीये आपण."

"त्याला सांग, फरशी वेगळी आणि गाडी वेगळी."

मी कुणालाच काही सांगायचे नाही. ऐकू दोघांनाही यायचं. पण माझ्याकडे बघितल्याशिवाय त्यांना तोंड उघडता येत नसे. एकदा मी मुद्दाम आत जाऊन चहा घेत बसले, तर दोघं शेडच्या दोन टोकांना मिठाची गुळणी धरून उभे. मी परत येईपर्यंत भांडण सुरू होऊ शकलं नाही.

आता मेणाचं असं असतं की ते रंगावर बसतं. त्याने ओरखडे झाकले जातात, जात नाहीत. खरोखर घालवायचे तर पॉलिशची पेस्ट लागते, आणि ती पेस्ट रंग खाते. ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग घासून ओरखड्याइतका खाली आणला की ओरखडा दिसेनासा होतो, एवढीच ती जादू. कधीमधी केलं तर चालून जातं. आमच्याकडे ते दर महिन्याला व्हायचं. किल्ली हातात आली की आधी दुसऱ्याच्या हाताची खूण न् खूण घासून काढायची, आणि मग आपलं मेण चढवायचं, हा दोघांचाही हट्ट. दादाच्या चकाकीवर सोन्याला आपलं मेण चढवायचं नव्हतं, सोन्याच्या चकाकीवर दादाला. पुढे दोघांनी पॉलिशची मशीन आणली, अर्थात वेगवेगळी. माझं मीटर गरगर फिरायचं.

फडकी धुवायचं काम माझ्याकडे आलं. कसं आलं ते विचारू नका. बादलीत भिजत टाकून जायचे आणि जाता जाता म्हणायचे, "तेवढं जरा बघ." त्या बादलीतलं पाणी मोरपंखी व्हायचं. फडकी वाळत घातली की सगळी दोरी मोरपंखी. शेजारीण म्हणाली, काय हो, कपडे रंगवायला घेतलेत का?

मी दादाला सांगितलं, "अरे, रंग निघतोय."

"तो मेलेला रंग," दादा म्हणाला. "वरचा थर मरतो. तो निघायलाच हवा. खालून ताजा येतो."

सोन्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या फडक्याला येतो तो मेलेला रंग, ताई. त्याच्या फडक्याला येतो तो चांगला. त्याचा हात जड आहे."

पुन्हा मी सांगितलं नाही. का सांगू? ज्यांच्याच्याने मला एक महिना देववत नव्हता, त्यांना मी रंगाचे धडे देत बसू? मी फडकी पिळली, दोरीवर टाकली आणि मूग गिळून बसले. पाणी मोरपंखी येत राहिलं.

व्हायचं ते झालं. दादाचा महिना संपला होता, सोन्या किल्ली घ्यायला आला होता. गाडी अशी चमकत होती की शेडच्या छपराची भोकं तिच्या टपावर मोजता आली असती. सोन्या टॉर्च घेऊन फिरला, आणि बॉनेटच्या पुढच्या कडेशी, जिथे पत्रा खाली वळतो, तिथे थबकला. वाकला. बोट फिरवून पाहिलं. मग उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"ताई, त्याला विचार, बाबांनी गाडी राखाडी रंगवली होती का?"

मी जाऊन पाहिलं. वळणावर रंग संपला होता. तळहाताएवढं रंगाखालचं राखाडी अस्तर उघडं पडलं होतं, आणि दादाने त्याच्यावरही नीट मेण चढवलं होतं.

दादाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "त्याला सांग, मी घेतली तेव्हाच तिथे रंग पातळ होता. यानेच मेणाखाली लपवला होता."

"मग घेतली कशाला? नियम कुणाचा? त्याला सांग, त्याने मान्य करून घेतली होती, आता त्यानेच ठेवावी."

"मी ठेवणार नाही. माझा महिना संपला."

"आणि मी घेणार नाही. मी घेतली की उद्या हा जगाला सांगत सुटेल, सोन्याने रंग घालवला म्हणून."

"घालवलाच आहे त्याने. अर्ध्याहून जास्त त्याने घालवलाय."

दादाने किल्ली शेडमधल्या बाकावर ठेवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सोन्या बाकापासून दूर सरकला. याच किल्लीसाठी हे दोघं एवढे महिने एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि आता तिला कुणी शिवायला तयार नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. चालवून चालवून गाडी खराब झाली तर समजू शकते मी. या दोघांनी तिला उभ्या जागी घासून संपवली होती.

मी किल्ली उचलली.

"ठेव ती," दादा म्हणाला.

"का? मला आहे तशी मान्य आहे. रंगासकट, अस्तरासकट. हा महिना माझा."

"अगं, तुला मेण कसं लावतात ते तरी येतं का?"

"गाडी कशी चालवतात ते येतं."

"घेऊ दे तिला," सोन्या म्हणाला. दादाला नव्हे, समोरच्या भिंतीला. "निदान डाग तिच्या नावावर जाईल."

दादाने जरा विचार केला आणि मान डोलावली. त्याच्याही मनात तेच होतं. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवं, धाकट्याच्या फुटत नसेल तर बहिणीच्या. फुटू दे म्हटलं. दोघं गेल्यावर मी गाडी झाकायचं कापड गोळा करून कोपऱ्यात फेकलं.

गाडी सुरू होईना. एवढे महिने उभी राहून बॅटरी मेली होती, टायर खालून चपटे झाले होते. इतकं घासणाऱ्या या दोघांनी एकदाही बॉनेट उघडून आत पाहिलं नव्हतं. मी स्कूलच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने आत बघितलं, एक शिवी दिली आणि कामाला लागला. संध्याकाळी गाडी खोकली, भसाभस धूर सोडला आणि सुरू झाली.

शेडमधून बाहेर काढताना मी स्टिअरिंग घट्ट आवळून धरलं होतं. रोज दुसऱ्यांना सांगते मी, स्टिअरिंग इतकं आवळू नका. गाडी जमिनीला इतकी टेकून चालते की रस्त्यातला खडा न् खडा कमरेला कळतो. स्टिअरिंग जड, गिअर टाकताना मनगट दुखतं. तिसऱ्या गिअरला तिचा आवाज बदलतो, घसा साफ केल्यासारखा होतो, ते मी विसरूनच गेले होते. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मला रडू आलं. गाडी बाजूला घेतली नाही, तशीच रडत चालवली.

कामावर नेली, भाजीला नेली. नवऱ्याला दवाखान्यात नेलं. तो उंच आहे, गुडघे हनुवटीला लावून बसला आणि एक शब्द बोलला नाही, कारण मी खुशीत होते आणि तसं फार वेळा होत नाही. रस्त्याचं काम चालू होतं तिथून गेले, दारांवर डांबराचे शिंतोडे उडाले. झाडाखाली लावली, पक्ष्यांनी आपलं काम केलं. गाडीच्या नाकावर किडे चिकटले. काच तेवढी पुसायचे, कारण पुढचं दिसायला हवं. एकदा धुवायची म्हणून बादली भरली होती. मग बॉनेटवर हात ठेवला, ते चालून आल्यामुळे अजून गरम होतं, आणि मी बादली कुंड्यांना ओतून टाकली.

महिना संपला त्या रविवारी दोघंही आले. किल्ली घ्यायची पाळी सोन्याची होती, दादाला यायचं काहीच कारण नव्हतं. तो माझी फजिती बघायला आला होता. मी नुकतीच बाहेरून आले होते, गाडी शेडच्या दारातच उभी होती.

सोन्याने तिच्याकडे पाहिलं. मग मान वळवली, आणि सरळ दादाकडे बघून बोलला.

"दादा, हे डांबर आहे."

"दिसतंय मला," दादा त्याला म्हणाला. "आणि ही पक्ष्यांची घाण बघ. ही रंगात उतरते."

"उतरलीय. इथे बघ ना. नुसत्या पाण्याने नाही निघायची."

"अरे, मेण शिल्लकच नाही कुठे. काचेवर ओलं फडकं फिरवलंय, तेही कोरड्या धुळीवर."

"हिला काय कळतंय."

दोघं खांद्याला खांदा लावून दारावर वाकले होते. एवढे महिने यांचे निरोप ऐकत मी मधे उभी राहिले, आणि आता माझ्याच शेडमध्ये, माझ्याविषयी, मला वगळून यांचं बोलणं चाललं होतं. भाऊ बोलायला लागले म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मला भरलेली बादली दोघांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली.

"किल्ली दे," दादा म्हणाला. "आता तुला मिळणार नाही ही."

मी किल्ली तळहातावर ठेवून हात पुढे केला. "कोण घेतंय? आहे तशी मान्य करून घ्यायची. डांबर, घाण, किडे आणि ते राखाडी, सगळं."

कुणाचाच हात पुढे आला नाही. दादाने सोन्याकडे पाहिलं, सोन्याने दादाकडे. नियम दोघांनाही पाठ होता. मला वाटलं, आता पुन्हा जुंपेल. किल्ली मी परत मुठीत घेणार होते, इतक्यात सोन्या माझ्याकडे वळला.

"ताई, फडकी तू धुवायचीस ना?"

"मग? तू धुवायचास का?"

"मी माझ्या फडक्यांचा रंग बघायचो. हा याच्या फडक्यांचा. दोन्ही बादल्या बघणारी तू एकटी होतीस." तो भांडत नव्हता, हळूहळू विचार करत बोलत होता, आणि तेच मला नको होतं. "दोघांचं मिळून किती निघतंय ते फक्त तुला माहीत होतं."

दादा सरळ उभा राहिला. "एकदा बोलली होतीस तू."

"बोललेच होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

"एकदाच बोललीस."

"किती वेळा बोलायचं मी? तुमच्या मधे उभं राहून माझा घसा बसायची वेळ आली होती."

"मास्तरीण, समोर खांब दिसला तर शिकणाऱ्याला एकदा सांगून गप्प बसतेस का तू?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ऐकत नसेल तर आपटू दे, असं म्हणणार होते. पण बाहेर आलं ते वेगळंच.

"मला गाडी हवी होती," मी म्हणाले. "रंग संपला की तुम्ही दोघं तिला टाकून द्याल, हे मला माहीत होतं. म्हणून नाही सांगितलं. आणि पुन्हा तशी वेळ आली तरी नाही सांगणार."

दादाने माझा पुढे आलेला हात धरला आणि माझी बोटं एकेक करून किल्लीवर मिटवली, सावकाश, गिऱ्हाइकाचा चष्मा हाताळतो तशी.

"मग ठेव तूच," तो म्हणाला. "आमचं भांडण निदान तोंडावर तरी होतं."

सोन्याने आपल्या मशीनची वायर गुंडाळली, मग दादाच्याही मशीनची. मेणाचे डबे, ब्रश, फडकी, सगळं दोघांनी मिळून सोन्याच्या गाडीत भरलं. दादा आपली स्कूटर आणायला परत येतो म्हणाला, तेही मला नाही, त्याला. आणि त्याच्या शेजारी बसून गेला.

मीही गाडी बाहेर काढली. त्यांना मागे टाकून पुढे जायचं, असं काहीतरी डोक्यात होतं, पण ते कुठल्या बाजूने गेले तेही दिसलं नाही. मोठ्या रस्त्याला लागले, तिसरा गिअर टाकला. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने हेल्मेटची काच वर करून माझ्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मोठमोठ्याने भांडत होते. दादाचं मीच बोलत होते, सोन्याचंही मीच, आणि दोघांचंही म्हणणं चांगलं खणखणीत येत होतं. अडत होतं ते माझं उत्तर. चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा वाक्य अर्ध्यात सोडलं. मागच्याने हॉर्न वाजवला. हिरवा लागून बराच वेळ झाला होता.